आधी पेन्सिल, मग कॅमेरा

मुलांना 'निसर्गचित्र काढ' असे सांगितले की कागदावर काय अवतरते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा उगवलेला सूर्य, तेथून निघालेली नागमोडी नदी, काठावर एक कौलारू झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार-पाच पक्षी. कोकणातल्या मुलाने हे चित्र काढले तर निदान नारळ तरी त्याच्या अंगणातला असतो. परंतु माळव्याच्या काळ्या मातीवर वाढलेले, पळस, कडुनिंब आणि पिंपळ यांच्या सावलीतून शाळेत जाणारे इंदूरचे मूलही तेच डोंगर आणि तोच नारळ काढते. हे चित्र निसर्ग पाहून काढलेले नसते. ते दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रावरून आलेले असते, आणि ते चित्रही तिसऱ्यावरून.

दोष मुलाचा मुळीच नाही. त्याला रंगपेटी दिली जाते, चित्रकलेच्या वर्गात घातले जाते, स्पर्धेत बसविले जाते. पाहावयास मात्र कुणी बसवीत नाही. अलीकडे तर मुलाच्या हाती पालकांचा मोबाइल असतो आणि त्यात उत्तम कॅमेराही असतो. सहलीहून परतताना दोनशे छायाचित्रे घेऊन येणारे मूल त्यांतल्या एका पक्ष्याच्या पायाचा रंग सांगू शकत नाही. कला आणि छायाचित्रण ही दोन्ही साधने मुलाला निसर्गाजवळ नेऊ शकतात. पण तीच त्याच्या आणि निसर्गाच्या मधे उभीही राहू शकतात. भेद पडतो तो कोणते साधन आधी हाती द्यावे आणि ते कशासाठी द्यावे, या दोन गोष्टींमुळे.

स्मरणिकेचे बहुसंख्य वाचक वैद्यकीय व्यवसायातील असल्यामुळे एका जुन्या प्रसंगाची आठवण येथे देणे अप्रस्तुत ठरू नये. एडवर्ड जेन्नर यांचे नाव आपण १७९६ सालच्या देवीच्या लसीमुळे जाणतो. परंतु इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १७८९ सालीच मिळाले होते, आणि त्यामागे होता कुक्कू पक्षी. ग्लॉस्टरशायरमधल्या झुडपांत डोकावून त्यांनी असे टिपले होते की परक्याच्या घरट्यात जन्मलेले कुक्कूचे पिल्लू, अंगावर पीस नसताना आणि डोळेही उघडलेले नसताना, यजमानांची अंडी व पिल्ले पाठीवर घेऊन घरट्याच्या काठावरून बाहेर ढकलते. त्या पाठीवर याच कामाला उपयोगी पडणारा एक खळगा असतो आणि सुमारे बारा दिवसांत तो भरून येतो, इतके बारकाईने त्यांनी लिहून ठेवले. १७८८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तरी पुढची ऐंशी-नव्वद वर्षे अनेकांना ते खरे वाटेना. लसीच्या विरोधकांनी तर हा निबंध जेन्नर यांच्या कल्पकतेचा पुरावा म्हणून वापरला!

या वादाला बहुतांशी विराम मिळाला तो एका चित्राने. जेमायमा ब्लॅकबर्न या स्कॉटिश चित्रकर्तीने स्वतःच्या डोळ्यांनी ते दृश्य पाहिले, तेथल्या तेथे रेखाटले, आणि १८७२ साली तिची हकीकत 'नेचर' या नियतकालिकात छापून आली. डार्विन यांनीही 'ओरिजिन'च्या त्याच वर्षीच्या आवृत्तीत या निरीक्षणाची दखल घेतली. (आपल्याकडची कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, पण तिचे पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांना ढकलून देत नाही, तेथे दोन्ही पिल्ले एकत्र वाढताना दिसू शकतात. हाही पाहण्याजोगाच विषय आहे.) ब्लॅकबर्न यांच्यापाशी कॅमेरा नव्हता. होती ती पेन्सिल, आणि पुरेसा वेळ एका जागी स्थिर बसण्याची तयारी.

चित्र काढताना डोळ्यांवर नेमके काय घडते, याचा अनुभव वाचकांनी लगेच घ्यावा. कडुनिंबाचा पाला आपण दरवर्षी पाडव्याला गुढीला बांधतो, त्याची चटणी प्रसाद म्हणून खातो. आता हे पान बाजूला ठेवून, शाळेतल्या स्मरणचित्राप्रमाणे, कडुनिंबाची एक पर्णिका कागदावर काढून पाहावी. बहुतेक जण मधे शीर आणि दोन्ही बाजूंना सारखे अर्धे भाग असे एक नेटके पान काढतात. मग खरी पर्णिका हाती घ्यावी. तिचे दोन्ही अर्धे भाग सारखे नसतात. देठापाशी एक बाजू खाली उतरलेली आणि दुसरी वरच थांबलेली असते, सबंध पर्णिका कोयत्यासारखी किंचित वाकलेली असते आणि कडेला करवतीचे दाते असतात. जन्मभर हाताळलेली वस्तू आपण पाहिलेलीच नव्हती, हे पेन्सिल पाच मिनिटांत ध्यानात आणून देते. आठ वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो, विशेषतः वडिलांचे स्मरणचित्र त्याच्यापेक्षा वाईट निघाले तर.

कॅमेरा हे काम आपोआप करीत नाही. २०१४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी वस्तुसंग्रहालयात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंची सहभागी व्यक्तींनी छायाचित्रे घेतली त्या वस्तू, आणि त्यांचे तपशील, त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवले. जणू 'यंत्राने लक्षात ठेवले आहे, आता मला गरज नाही' असा करार मन परस्पर करून टाकते. परंतु याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक उद्बोधक आहे. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून छायाचित्र घ्यावयास सांगितले तेव्हा ही विस्मृती दिसली नाही. झूमच्या बाहेर राहिलेला भागही त्यांच्या ध्यानात राहिला. म्हणजे विस्मरण कॅमेऱ्यामुळे आले असे म्हणता येत नाही. ते आले अविचाराने दाबलेल्या बटणामुळे. 'झाडाचा फोटो काढ' या सूचनेऐवजी 'या झाडावर मुंग्या कोणत्या वाटेने चढतात ते दिसेल असा एकच फोटो काढ' ही सूचना दिली, तर तेच यंत्र भिंग होते.

आपल्या पिढीतील डॉक्टरांना हा भेद वेगळ्या रीतीने परिचित आहे. पहिल्या वर्षाला ऊतिशास्त्राच्या जर्नलमध्ये गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी आपण एकेक काचपट्टी रेखाटली. ते काम किती कंटाळवाणे वाटे! पण यकृताच्या पेशींची ती किरणांसारखी मांडणी आजही डोळे मिटले की दिसते, ती त्या पेन्सिलींच्या कृपेने. आजचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगाला मोबाइल लावून छायाचित्र घेतो आणि पुढे सरकतो. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन आणि त्यांचे सहकारी यांनी तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना कलादालनात नेऊन जुन्या तैलचित्रांसमोर उभे केले आणि जे दिसते तेवढेच सांगा, असा नियम घातला. अशा विद्यार्थ्यांचे रुग्णाच्या छायाचित्रातील निरीक्षण इतरांपेक्षा सुधारले, असे त्यांनी २००१ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मांडले. आयुर्वेदाच्या त्रिविध परीक्षेतही पहिला मान दर्शनालाच आहे.

इंदूरकरांना तर यासाठी लांब जाण्याची आवश्यकताच नाही. १९२७ साली दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी येथे कलाशाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, मकबूल फिदा हुसेन ही नावे त्याच परंपरेतली. पण मुलांच्या संदर्भात मला सर्वांत जवळचे वाटतात ते विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००). अवघे शहर त्यांना 'गुरुजी' म्हणे. वाळलेले पान, तुटकी फांदी, शेंगेचे टरफल, फाटका कागद यांत त्यांना आकृती दिसे, आणि थोडेसे वळवून वा नुसते उभे करून ते ती इतरांना दाखवीत. वाळलेल्या पानाला पक्षी करताना पानाचे पानपण ते पुसत नसत. मुलांना त्यांच्याजवळ बसल्यावर कागद-रंगांच्या खर्चाची आठवणही होत नसे, कारण कच्चा माल झाडाखाली पडलेलाच असे. महागड्या रंगपेट्यांच्या काळात ही दृष्टी पुन्हा जागवावी असे फार वाटते. भेळ-कचोरीच्या पुड्यांच्या या शहरात कागदाची तरी उणीव कुठे आहे?

माझा व्यवसाय नेत्रचिकित्सेचा. अक्षरांचा तक्ता दाखविण्यापूर्वी मी बालरुग्णांना एक प्रश्न विचारतो, "बेटा, तुझ्या घरासमोर कोणतं झाड आहे?" बहुतेक मुले आईकडे पाहतात. काही 'मोठं', काही 'हिरवं' असे सांगतात. परवा दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "काका, नाव नाही माहीत, पण ते संध्याकाळी खूप बोलतं." साळुंक्यांची रात्रीची वस्ती त्या झाडावर असणार. तिच्या आईला तो गोंगाट रोज ऐकूनही जाणवला नव्हता. मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिले, 'रोज सायंकाळी दहा मिनिटे, झाडाचे चित्र, आवाजासह.' आवाजाचे चित्र कसे काढावे हे मी सांगितले नाही. पुढच्या खेपेस तिने वही आणली. झाडाभोवती पिवळ्या रेघांचे दाट जाळे होते आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'अंधार झाला की एकदम बंद.' पक्षिनिरीक्षणाच्या वहीत यापेक्षा चांगली नोंद क्वचितच असेल.

नेत्रतज्ज्ञ म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करणे माझे कर्तव्य आहे. लहान मुलांतील ऱ्हस्वदृष्टी, म्हणजे उणे नंबराचा चष्मा, हा आज जगभर चिंतेचा विषय आहे. चीनमधील ग्वांगझू येथे बारा प्राथमिक शाळांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिलीच्या निम्म्या शाळांतील मुलांना दररोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर देण्यात आला. तीन वर्षांनंतर या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली होती. नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. घराबाहेर सावलीतही प्रकाश खोलीतल्या दिव्यांच्या अनेक पट असतो. त्या प्रकाशाने दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्याला आळा बसतो, अशी सर्वाधिक मान्य उपपत्ती आहे. एकदा आलेला नंबर यामुळे उतरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अंगणात बसून चित्र काढणारे मूल हा प्रकाश आपोआप घेते. तेच चित्र खोलीत बसून मोबाइलच्या पडद्यावरून उतरवून काढले, तर डोळ्याला काहीच मिळत नाही आणि मनालाही फारसे नाही.

घरी करण्याजोगे एक-दोन प्रकार सांगतो. पहिला अगदी बिनखर्ची. मुलाने समोरच्या वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने नजर फिरवायची आणि त्याच गतीने पेन्सिल चालवायची; कागदाकडे मात्र शेवटपर्यंत पाहायचे नाही. चित्र विलक्षण वेडेवाकडे येते, सगळे हसतात. पण त्या वेड्यावाकड्या रेषेत पानाची प्रत्येक खाच उतरलेली असते. मोठ्यांनी येथे एकच पथ्य पाळावे: मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन 'असे नाही, असे' म्हणू नये. आणि चित्राला गुण तर मुळीच देऊ नयेत.

दुसरा प्रकार कॅमेऱ्याविना छायाचित्राचा. १८४३ साली ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळांची निळी छायाचित्रे पुस्तकरूपाने काढावयास आरंभ केला. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते, आणि त्यासाठी कॅमेरा वापरलेलाच नव्हता. रसायन लावलेल्या कागदावर वनस्पती ठेवून उन्हात धरणे, एवढीच ती युक्ती. आपल्या स्वयंपाकघरात आणि दवाखान्यात याला पर्याय आहे. दोन चमचे हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये घुसळून गाळ बसू द्यावा आणि वरचे पिवळे द्रावण जाड कागदावर सावलीत एकसारखे लावावे. कागद अंधारात वाळला की त्यावर शेवग्याची किंवा चिंचेची डहाळी, वर काच, आणि मग भर उन्हात दोन-तीन तास. उघडा भाग फिकट पडतो, पानाखालचा पिवळा राहतो. नंतर टाकणखाराचे पातळ पाणी कुंचल्याने फिरवले की राहिलेली हळद तांबूस तपकिरी होते. हळदीपासून कुंकू होते ते याच न्यायाने, क्षार लागल्यामुळे. (स्पिरिट आणि टाकणखार मोठ्यांनीच हाताळावेत, स्पिरिटजवळ ज्योत नसावी.) हे चित्र उजेडात हळूहळू विटते, म्हणून वहीतच ठेवावे. प्रकाश कागदावर खरोखरच काहीतरी 'करतो', हे ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्याच्या हाती कॅमेरा देण्यास हरकत नाही.

कॅमेरा देताना आकडा ठरवून द्यावा. आम्हा जुन्या मंडळींना छत्तीस छायाचित्रांचा रोल महिनोन्महिने पुरवावा लागे. त्या कंजुषीत फार मोठे शिक्षण होते. सकाळच्या फेरीत मुलाला पाचच छायाचित्रांची मुभा द्यावी आणि प्रत्येकाआधी 'यात काय दाखवायचे आहे?' हे तोंडाने सांगावयास लावावे. कीटकाच्या उंचीवर खाली बसावे, वरून टिपू नये. फुलाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की मापाची सोय होते. याहून फलदायी म्हणजे एकच झाड, एकाच जागेवरून, दर रविवारी, वर्षभर. त्यासाठी पिंपळ उत्तम. फाल्गुन-चैत्रात त्याची कोवळी पाने तांबूस निघतात, मग पोपटी, मग गर्द हिरवी. बावन्न छायाचित्रे एकापुढे एक मांडली की ऋतुचक्र हा धड्यातला शब्द राहत नाही.

घरट्यांच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. हल्ली पिल्लांना चारा भरविणाऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे स्पर्धांत वाहवा मिळवितात; त्यांपैकी कितींसाठी आडव्या फांद्या तोडल्या गेल्या असतील, याचा विचार परीक्षकही करीत नाहीत. आडोसा गेला की कावळ्याला आणि उन्हाला वाट मोकळी होते. अंडी व घरटी यांना इजा करणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीच्या व्याख्येतच मोडते. टिटवीची अंडी उघड्या माळावर खड्यांत मिसळून असतात; ती दिसली तर मुलाने आल्या पावली मागे फिरावे आणि घरी येऊन स्मरणाने काढावीत. स्मरणचित्राचा इतका सार्थ उपयोग दुसरा नाही.

'यातून पुढे काय?' हा प्रश्न पालक विचारतातच, विशेषतः आपल्या समाजातले. त्यांच्या समाधानासाठी सान्तियागो रामोन इ काहाल यांचे नाव पुरेसे व्हावे. स्पेनमधल्या या मुलाला चित्रकलेचे वेड होते आणि शल्यचिकित्सक वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. अखेर १८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी त्याला शरीररचना शिकविण्यासाठी जुन्या दफनभूमीतील हाडे दाखविली, आणि मुलाने ती रेखाटावयास घेतली. तेथे दोघांचे जमले! पुढे मज्जापेशींची जी रेखाचित्रे त्यांनी काढली त्यांतून मज्जासंस्था ही स्वतंत्र पेशींची बनलेली असते हा सिद्धान्त उभा राहिला, आणि १९०६ साली गॉल्जी यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. छायाचित्रणाचाही त्यांना तितकाच नाद. रंगीत छायाचित्रणावर त्यांनी १९१२ साली ग्रंथ लिहिला. अर्थात प्रत्येक मूल काहाल होणार नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही नको. झाडाचे बोलणे थांबल्याची वेळ टिपणारे मूल तसेही पुरेसे आहे.

या हिवाळ्यात आरंभ करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे स्थलविशेष. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर हे दोन्ही जलाशय २०२२ साली रामसर यादीत आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरसमवेत पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळालेली ही भारतातील पहिली दोन शहरे. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयानंतर लगेच सिरपूरला पोहोचावे. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, शेकाट्याचे लांब गुलाबी पाय हे आकार मुलाच्या पेन्सिलीलाही सहज साधतात. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' जवळ असावा. पण तो गाडीतच ठेवावा आणि चित्र पूर्ण झाल्यावर उघडावा, कारण नाव कळले की मूल पाहणे थांबविते. दुर्बीण एक असली तरी चालते, वह्या मात्र प्रत्येकाला स्वतंत्र हव्यात, आई-वडिलांनाही. यशवंत सागरच्या परिसरात सारसाची जोडी दिसण्याचे भाग्य लाभले तर कॅमेरा खालीच ठेवावा. हा पक्षी जवळजवळ पुरुषभर उंच असतो. मुलाला सांगावे की आधी त्याला काढ, आणि मग त्याच्या शेजारी, त्याच मापाने, स्वतःला.